तेलावर चिकटत नाही

सकाळी बॉनेटवरून हात फिरवला आणि बोट घसरलं. घसरायला नको होतं. काल संध्याकाळी मी हेच बॉनेट आधी भांड्यांच्या साबणाने आणि मग स्पिरिटने इतकं पुसलं होतं, की त्याच्यावरून बोट ओढलं तर किंचाळी फुटायची. त्या आवाजाने शेजारच्या इंदूबाईंचा बोका कुंपणावरून खाली पडला होता, आणि तो स्वभावाने पडणारा बोका नाही. विनाइल, म्हणजे छापील प्लास्टिकचं स्टिकर, चिकटवायचं तर पत्रा असाच लागतो. त्याच्यावर माणसाच्या असण्याची काही खूण राहता कामा नये, घामाचीसुद्धा. म्हणून बोट घसरलं तेव्हा मला जिन्यात पायरी चुकल्यासारखं झालं. हात उलटा करून पाहिला. बोटांची टोकं लाल. पहिल्यांदा वाटलं, रक्त, आणि रक्त म्हटल्यावर मनात जे चित्र तयारच बसलेलं असतं ते उठून उभं राहिलं : अकोल्याचं मैदान, धूळ, आणि धुळीत पाठीवर पडलेली हीच गाडी, चारही चाकं वर करून, पोट खाजवून घ्यायला पडल्यासारखी. मग नाकात वास शिरला. जवसाचं तेल. रक्ताला जवसाचा वास येत नाही, निदान आमच्या घरात कोणाच्या येत नाही. वाकून पाहिलं. बॉनेटच्या बरोबर मध्यभागी, शेंदरी, ठसठशीत, चारी टिंबांसकट, स्वस्तिक. त्याचा एक हात माझ्या बोटाने थोडा फरपटला होता.

हे स्वस्तिक मी कुठेही ओळखेन. अमरावतीत राजकमल चौकात उभं राहिलं की ते सारखं समोरून जात असतं. ट्रकच्या कपाळावर, ऑटोच्या काचेखाली, एकदा तर क्रेनच्या मानेवर पाहिलं. माझे बाबा, कमलाकांत, शाळेत संस्कृत शिकवत आणि सकाळच्या वेळी पौरोहित्य करत. शाळेतून निवृत्त झाले, पौरोहित्य उरलं, आणि त्यातलीही लग्नं-मुंजी हळूहळू तरुण गुरुजींकडे जाऊन बाबांकडे वाहनं राहिली. कारण तेल. बाकीचे कुंकू पाण्यात कालवतात, ते पहिल्या धुण्यातच जातं. बाबा शेंदूर जवसाच्या तेलात घोटतात. ते सावकाश वाळतं, पत्र्यात मुरतं, आणि गाडी विकली तरी तिच्याबरोबर जातं. धारणीकडचे जीपवाले एवढा घाट उतरून यायचे. म्हणायचे, ब्रेकचं आमी पाहू महाराज, तुमी सस्तिक पक्कं काढा. एकदा एका मंडळाने शववाहिका आणली. पूजेच्या शेवटी बाबा नेहमी मराठीत म्हणतात, या वाहनाला भरपूर काम मिळो. तिथे ते शब्द त्यांच्या तोंडात आले आणि थांबले. मंडळाचे लोक हात जोडून उभे. बाबा बराच वेळ त्या गाडीच्या दिव्यांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "वाहन रिकामं राहो. आणि बॅटरी उतरू नये." मी तेव्हा लहान होतो, ताट धरून उभा होतो. मला हसू आलं आणि मैथिलीताईने माझ्या पायावर पाय दिला. तिलाही येत होतं. पाय दिला म्हणून आम्ही दोघं वाचलो.

ही मैथिलीताई म्हणजे माझी मोठी बहीण. अकोल्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, आठवडाभर शेतकऱ्यांच्या पिशव्यांमधली माती चाळते आणि रविवारी तीच माती गाडीने उडवते. आंघोळ केली तरी कानामागे थोडी राहतेच. आई म्हणते, हिच्यात ज्वारी पेरता येईल. गाडी म्हणजे एक जुनी एट हंड्रेड, ड्रायव्हरची सोडून सगळ्या सीटा काढलेली, नळ्यांचा पिंजरा घातलेली. ती कुलदीपने बांधली. कुलदीप मूळचा अंजनगाव सुर्जीचा, अकोल्यात त्याची शेड आहे, आणि ताईला तो ताई म्हणतो पण तिच्या ड्रायव्हिंगला ‘मॅटर’ म्हणतो, म्हणजे हाणामारीचं प्रकरण. पहिल्या शर्यतीला बाबा पिशवी भरून निघाले होते : नारळ, लिंबं, शेंदूर, तेलाची कुपी. ताई म्हणाली, बाबा, तपासणीवाले गाडीत आणि गाडीवर काही सुटं चालू देत नाहीत, लिंबूसुद्धा; परत आल्यावर करू सगळं. बाबांनी लिंबं पिशवीत ठेवली, पिशवी खुंटीला लावली आणि घरीच थांबले. मी गेलो. मी बांबूच्या मांडवात हातात मिरचीभज्यांचा कागद घेऊन बसलो होतो. दुसऱ्या वळणावर गाडीने मातीला काहीतरी विचारल्यासारखी मान वाकवली आणि सावकाश, अगदी सावकाश, उलटली. आवाज नंतर आला. मी धावलो ते भज्यांसकट धावलो, हे मला पोचल्यावर कळलं. कुलदीप आधीच आडवा होऊन खिडकीत घुसला होता. ताई पट्ट्यांना उलटी लोंबकळत होती, केस खाली, चेहरा लाल, आणि तिने उलट्या तोंडाने मला विचारलं, टाइम काय आला. मी तिला भजं पुढे केलं. का केलं ते मला आजही सांगता येत नाही.

मनगटाचं हाड गेलं होतं, एवढंच. बाबा संध्याकाळी अकोल्याच्या दवाखान्यात आले. पलंगाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ते, मध्ये ताई प्लास्टर छातीवर ठेवून. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला विचार, दुखतंय का." मी विचारलं. ती म्हणाली, सांग, नाही. मी सांगितलं. त्या क्षणी हे विचित्र वाटलं नाही. माणूस घाबरलेला असला की वाकड्या वाटेने बोलतो. पण ती वाट पडली ती पडलीच. प्लास्टर निघालं, ताई पुन्हा शनिवारच्या शनिवार बसने घरी येऊ लागली, आणि जेवताना वरणाचं भांडं बाबांच्या उजव्या हाताशी, ताई डाव्या हाताशी, तरी बाबा समोर बसलेल्या मला म्हणायचे, तिला विचार वरण हवं का. सुरुवातीला मी इमानदारीने पोचवायचो. मग कंटाळून फेरफार करू लागलो. बाबा म्हणाले, तिला विचार बसमध्ये जागा मिळाली का. मी म्हणालो, ताई, बाबा विचारतात तुझ्या आयुष्याचं ध्येय काय. ती म्हणाली, मूर्तिजापूरपर्यंत तरी बसायला मिळावं. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी त्यावर भात ठेवला. आई म्हणायची, पोराचा पार पोस्टमन करून राहिले तुम्ही दोघं, आणि त्याला पगारही नाही.

ताईचं ठाम मत की बाबा रागावलेत. पूजा टाळली आणि गाडी उलटली; शेकडो लोकांच्या गाड्या सांभाळून देणाऱ्या माणसाच्या घरचीच गाडी तेवढी कोरी गेली. मी तिच्याशी वाद घातला नाही, पण मी बाबांबरोबर पूजांना जात होतो आणि मला काही वेगळं दिसत होतं. अपघातानंतर बाबा पूजा करता करता गाडीच्या मागे जायचे, टायर दाबून बघायचे. मालकाला विचारायचे, चालवणार कोण, झोप नीट होते का त्याची. वरूडच्या पंजाबरावांनी नवा ट्रॅक्टर आणला, संत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांच्या दारात बाबा फुलं वाहून झाल्यावर ट्रॅक्टरखाली वाकले ते वर येईनात. पंजाबराव म्हणाले, महाराज, पूजा करून राहिले का सर्व्हिसिंग? सगळे हसले. बाबा वर आले ते गुडघ्याला माती लागलेली, आणि हसले नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं की हा माणूस रागावलेला नाही. याला कोणीतरी आतून ब्रेक लावला आहे आणि तो काढायचा खटका सापडत नाही.

याच पंजाबरावांमुळे बॉनेटवर संत्रं यायचं होतं. त्यांनी ताईच्या दुसऱ्या शर्यतीचा खर्च उचलला, अट एकच : बॉनेटवर वरूडचं संत्रं, आणि असं मोठं की मांडवातल्या शेवटच्या माणसाला सोलावंसं वाटलं पाहिजे. त्यांचा माणूस मैदानावर येऊन आधी संत्रं बघणार, मग नाव नोंदवणार. गाडीला कपडे चढवणारे कारागीर नागपूरला आहेत, त्यांच्याकडे जायला सवड नव्हती. मी म्हणालो, मी करतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. छपाई राजापेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात केली, जिथे गावातले सगळे वाढदिवस छापले जातात. तिथल्या पोरीने, प्रतीक्षाने, काम मन लावून केलं, पण हाताला सवय. दारांच्या पट्टीत खाली ‘शुभेच्छुक’ लिहून ओळीने गोल चौकटी टाकल्या आणि विचारलं, फोटो कोणाचे. मी म्हणालो, फोटो नाहीत, शर्यतीची गाडी आहे. तिने विचार केला आणि म्हणाली, मग गोल रिकामे ठेवते, नंतर कोणी भेटलं तर. रिकाम्या गोलांसकट दारं काल दुपारीच मी चिकटवून टाकली. त्यात मला गोडी लागली. मागचा कागद थोडा थोडा सोडवायचा, ताईच्या हेअर ड्रायरने विनाइल ऊन करायचं, ते कातडीसारखं मऊ पडतं, आणि मग मधून बाहेर पट्टी फिरवत जायचं. पट्टी म्हणजे माझं बंद पडलेलं एटीएम कार्ड, त्याला बाबांच्या जुन्या सोवळ्याचा रेशमी तुकडा गुंडाळलेला. हवेचा बुडबुडा राहिला तर तो अंगठ्याखालून पळतो. त्याला रागाने दाबलं तर तो दुसरीकडे उगवतो. त्याला हळूहळू, लाडीगोडीने, काठापर्यंत पोचवून यावं लागतं. दारं झाल्यावर मी बॉनेट धुतलं, पुसलं, आणि चांगल्या उजेडात करू म्हणून ठेवलं.

आणि इथे ते घडलं. पहाटे बाबा फुलं तोडायला बाहेर आले असणार. पोर्चमध्ये गाडी बघितली असणार. कुलदीपने ती आणून सोडल्यापासून ते तिच्याकडे पाठ करूनच चपला घालत होते, पण आज तोंड वळलं असणार. गाडी धुतलेली, चकचकीत, ओली वाटावी इतकी कोरी. बाबांच्या जन्मात कोणी गाडी अशी धुऊन दारात लावली तर त्याचा अर्थ एकच होतो. कोणीतरी पूजेची वाट बघतंय. त्यांना वाटलं असणार, ताईने धुवून घेतली. तिने विचारलं. वाकड्या वाटेने का होईना. आणि खुंटीवरची ती पिशवी, जी पहिल्या शर्यतीच्या दिवसापासून तशीच लटकत होती, ती त्यांनी काढली. टायरपाशी बघितलं तर हळद वाहिलेली होती. कोणाला न उठवता, घंटा न वाजवता, माणसाने आपल्या मुलीशी बोलायला सुरुवात केली होती, आणि पहिलाच शब्द नेमका तिथे लिहिला होता जिथे मला संत्रं चिकटवायचं होतं.

मी कुलदीपला फोन लावला. शर्यत उद्या, संध्याकाळी तो गाडी ओढून न्यायला येणार होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तेलावर नाय चिकटत भाऊ. गाडीनं जरा जोर धरला का कोपरा उचलते, न मंग आख्खं संत्रं येऊन बसते काचेवर. ताईले काय दिसन? संत्रं दिसन." मी म्हणालो, मग पुसतो. तर तो एकदम खाली आवाजात म्हणाला, पुसू नोको बे, देवाचं हाय ते. मी विचारलं, मग करू काय. "मले काहून इचारतं? भटजी तुयाच घरात हाय ना." फोन ठेवून मी तिथेच पायरीवर बसलो. भटजी घरात होते. देवघरातून पुटपुटणं ऐकू येत होतं. आत जाऊन सांगायचं काय? की तुम्ही बोललात ते छान बोललात, पण ते मला पुसायचं आहे, त्यावर फळ लावायचंय? मी पोचवणारा माणूस. निरोप फिरवायची मला सवय, पण हा निरोप कागदावर नव्हता, पत्र्यावर होता, आणि त्याचं वैशिष्ट्यच हे की तो जात नाही.

तरी मी एकदा करून पाहिलं. कागद अर्धा सोडवला, संत्र्याची वरची कड काचेजवळ टेकवली आणि पट्टी खाली आणली. चिकटत आलं, चिकटत आलं, आणि मध्यावर आल्यावर विनाइल नुसतं तरंगलं. पट्टी फिरवली की खालून एक मऊ लाट सरकायची, आणि लाटेखाली स्वस्तिकाचे हात उमटायचे. शेंदराचा कण न कण वर दिसत होता. संत्र्याला आतून काहीतरी म्हणायचं असल्यासारखं. लहानपणी जूनमध्ये बाबा आमच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे, खाकी कागदाच्या कडा अंगठ्याच्या नखाने अशा दाबायचे की वर्षभर सुटायच्या नाहीत, आणि ताईच्या पुस्तकांना दोनदा दाबायचे कारण ती दप्तर फेकायची. तिला कधी म्हणाले नाहीत, फेकू नकोस. कडा दोनदा दाबायचे. हे आठवलं आणि मी विनाइल हळूच उचलून घेतलं. आई चहा घेऊन बाहेर आली, तिने बॉनेट बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा बॉनेटवर ठेवायला गेली आणि थांबली. म्हणाली, पुसलंस तर ते काही बोलणार नाहीत, गौरांग. तीच तर पंचाईत आहे. आणि चहा परत घेऊन आत गेली, जणू चहाही आता सल्लामसलतीनंतरच मिळणार होता.

ताई दुपारची येणार होती, ती आधीच आली. फाटकाचा आवाज झाला तेव्हा मी एका हातात स्पिरिटची बाटली आणि एका हातात फडकं घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा होतो, रस्त्यावर भांडण सोडवायला गेलेल्या आणि बाजू विसरलेल्या माणसासारखा. ताईची नजर आधी दारांवर गेली. शुभेच्छुक, रिकामे गोल. ती हसायला लागली होती. मग बॉनेटवर आली. हसणं तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले.

मी भराभर सांगत सुटलो : पहाटे, स्वतःहून, मी गाडी धुतली म्हणून, आणि तेल, आणि कुलदीप म्हणतो की उडेल, आणि पंजाबरावांचा माणूस. ती ऐकत होती असं वाटत नव्हतं. ती वाकून त्या स्वस्तिकाच्या फरपटलेल्या हाताकडे बघत होती. मोडलेलं मनगट तिने दुसऱ्या हातात धरलं होतं.

"पुसू नको," ती म्हणाली.

मी म्हणालो, मग उद्या मैदानावर घेणार नाहीत आपल्याला.

"नाही घेतलं तर नाही घेतलं. पुसू नको."

गेले कित्येक महिने ती या शर्यतीसाठी एकट्या डाव्या हाताने स्टिअरिंग वळवायचा सराव करत होती, उजवं मनगट नीट होण्याची वाट बघत रबरी चेंडू दाबत होती, अकोल्याच्या बसमध्ये उभ्याने तोल सांभाळत वळणं पाठ करत होती. आणि हे सगळं तिने अशा आवाजात सोडून दिलं की वाटावं, कढी नको म्हणतेय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दार उघडं आहे आणि दारात बाबा आहेत. ते कधीपासून होते माहीत नाही. हातात निर्माल्याची परडी होती. त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली, संत्र्याची गुंडाळी पाहिली, गाडी पाहिली. मग मला म्हणाले, "तिला विचार, हे चिकटलं नाही तर काय होतं."

मी तोंड उघडलं. ताईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ त्यांना म्हणाली, "उडतं, बाबा. काचेवर येऊन बसतं. मग समोरचं दिसत नाही."

बाबांची नजर तिच्या मनगटावर गेली, तिथे थोडी थांबली, आणि ते आत गेले. ताईने मान फिरवली. मला वाटलं, संपलं, आता वरणाचं भांडं जन्मभर माझ्याच मार्फत फिरणार. आत नळ वाजला. पाय धुतल्याचा आवाज आला. आणि बाबा बाहेर आले ते खांद्यावर उपरणं, हातात पळी-भांडं आणि मुठीत अक्षता. गाडीसमोर उभे राहिले. आचमन केलं. शांतपणे, एकही अक्षर न खाता, उत्तरपूजा सुरू केली, जशी गणपतीची करतात. ज्यात देवाला आता जा म्हणतात आणि त्याच श्वासात पुन्हा ये म्हणतात. अक्षता वाहिल्या. मग थांबले. विसर्जनाच्या वेळी मूर्ती जागेवरून जराशी हलवावी लागते, हे मला माहीत होतं, आणि पत्र्यावरचं स्वस्तिक कसं हलवणार हा प्रश्न मलाही पडला होता. बाबांना तो पडला नाही.

"हँडब्रेक काढ," ते मला म्हणाले.

मी गाडीत शिरून काढला. बाबांनी बॉनेटच्या एका कडेला हात लावला. ताई दुसऱ्या कडेला गेली. दोघांनी मिळून गाडी मागे ढकलली, वीतभर, आत बसलेल्या मला घेऊन. मी पुन्हा हँडब्रेक ओढला. देव गेले असावेत, कारण बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि मी खिडकीतून त्यांना स्पिरिटची बाटली दिली.

त्यांनी ती फडक्यावर ओतली नाही, तळहातावर ओतली, पंचामृत घेतल्यासारखी. तिच्या गारव्याने जरा दचकले. मग पुसू लागले. शेंदूर आधी पसरला, सगळं बॉनेट गुलाबी झालं, मग फडकं लाल झालं, मग दुसरं फडकं, मग उपरण्याचं टोक. काठांपाशी, फटींपाशी, नख घालून. मी काचेमागून बघत होतो. बॉनेट पांढरं पडलं. एवढं स्वच्छ मी काल संध्याकाळीही केलं नव्हतं. बाबा मागे सरले, श्वास घेतला.

"मैथिली," ते म्हणाले, "बघ गं. राहिलंय का कुठे तेल?"

माझ्याकडे कोणीच वळलं नाही. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला, पट्टे न लावलेला, बेकार झालेला माणूस. ताईने पुढे येऊन बॉनेटवर तळवा ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. कुठेही घसरला नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. तिने हात उचलला, पुन्हा मध्यावर ठेवला आणि तिथेच ठेवून म्हणाली,

"राहिलंय, बाबा. इथे. अजून एकदा पुसा."

बाबांनी पुन्हा तळहात पुढे केला, आणि बाटली ताईने ओतली.